वाडीतली लाकडी शेड : खांबाचा पाय आणि वळचण

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर आत नारळ-पोफळीची वाडी आहे. तिथे ग्रासकटर, पारय-फावडी, फवारणीचा पंप, खताच्या गोणी आणि आंब्याचे क्रेट ठेवायला १० बाय ८ फुटांची लाकडी सांगाड्याची शेड बांधायची आहे. सुतार म्हणतो, खांब दोन फूट गाडू, भोवती काँक्रीट ओतू, लाकूड मात्र सागाचंच घ्या. वखारवाला म्हणतो, ऐनाच्या लाकडावर भागेल. घरच्यांचं कौल की पत्रा यावर एकमत होत नाही.

खांब गाडू नका. बाकी सगळ्याला दोन-तीन पर्याय आहेत, याला नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. सतत पाण्याखाली राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, छपराखाली कोरडं राहिलेलंही टिकतं. ओल आणि हवा एकत्र मिळतात त्या जमिनीच्या पातळीला, वरखाली चार-सहा इंचांच्या पट्ट्यात, आणि खांब नेमका तिथेच जातो. भोवती काँक्रीट ओतलं की दुखणं आणखी वाढतं. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, काँक्रीट आकसत नाही. मध्ये केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी खांबावरून ओघळून तिच्यात उतरतं आणि खालून निघायला वाट नसते. म्हणजे आपणच खांबाभोवती पेला बांधून दिला. असा खांब वरून ठणठणीत दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या पावसानंतर पारय टोचली की भुसभुशीत लागतो. साग असला तर दोन वर्षं जास्त घेईल, एवढंच.

सागाबद्दल एक गैरसमज आहे. सागाची ख्याती त्याच्या गाभ्याची आहे. सालीलगतचं पांढरं लाकूड इतर कुठल्याही झाडाइतकंच वाळवीला आणि किड्याला प्रिय असतं. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या सागातून काढलेल्या ४ बाय ४ खांबात दोन कोपरे पांढरे निघतात, आणि दर मात्र सागाचा लागतो. त्यापेक्षा गाभ्याचा ऐन किंवा किंजळ घ्यावा. दोन्ही जड आहेत, चिवट आहेत आणि जमिनीपासून वर राहिले तर या कामाला भरपूर आहेत. ऐनाची खोड अशी की खिळा थेट मारला तर तो चिरतो, त्यामुळे आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं. शिवाय त्यातल्या टॅनिनमुळे साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात. घरचा जुना फणस असेल तर त्याचा पिवळा गाभा उत्तम. आकेशियाही चालतो, पण तो पिळवटतो, म्हणून कापून किमान सहा महिने सावलीत, पट्ट्या घालून रचून ठेवलेलाच घ्या. आंब्याचं लाकूड आतल्या फळीकपाटाला ठीक आहे, सांगाड्याला नाही. वासे आणि रिपांसाठी वाडीतच पडलेला जुना माड असेल तर त्याचा बाहेरचा कठीण भाग वापरा, आतला भुसा टाकून द्या. उभ्या चिरलेल्या पोफळीच्या रिपा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

आपल्या हद्दीतलं झाड म्हणून कुऱ्हाड चालवू नका. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही सगळी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडलं तर दंड होऊ शकतो. भरतीरेषेच्या जवळ जागा असेल तर सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं) काय ते ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या.

आता जागा. माडाखाली नको. वरून पडणारा नारळ कौल फोडतो, झावळ पडली तर रीपही मोडते. पावसात वाडीतून पाणी ज्या वाटेने वाहतं ती वाट सोडा. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, उत्तर-दक्षिण ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. आढं पूर्व-पश्चिम ठेवलं तर त्रिकोणी उघडी बाजू पावसाच्या तोंडावर येते आणि तिथे वळचण फारशी काढता येत नाही. उत्तर-दक्षिण ठेवलं की पश्चिमेला छपराचा उतार येतो, दोन फूट पुढे काढलेली वळचण भिंतीला झाकते. दार पूर्वेला.

जोतं जांभ्याच्या चिऱ्याचं. दीड फूट उंची हवीच. पागोळ्यांचं पाणी मातीवर आपटून उडतं ते फूट-सव्वा फूट, आणि लाल मातीचा तो पट्टा कोकणातल्या प्रत्येक जुन्या भिंतीवर दिसतो. लाकूड त्या पट्ट्याच्या वर सुरू व्हायला हवं. चर फूटभर खोल. सड्यावर कातळ लागला तर तिथेच थांबा, पुळणीची रेताड जमीन असेल तर चर दोन फूट रुंद करून तळाला ६ इंच खडीचा थर ठोकून बसवा. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा धरला तर तळाचा थर आडवा, म्हणजे १४ इंच रुंदीचा, आणि त्यावर ९ इंच रुंदीचे तीन थर. एकूण १२६ चिरे बसतात, फूटतूट धरून १४० मागवा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहून कठीण होतो. त्यामुळे आजच कापून आणलेला उद्या लावण्याची घाई नको.

चिऱ्यांच्या वर ४ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा, १:२:४ मालाचा (सिमेंट, वाळू, खडी), मधोमध ८ मिमीच्या दोन सळ्या. सिमेंट दीड ते दोन बॅगा. चिरा पाणी शोषतो आणि वर चढवतो, हा पट्टा ते थोपवतो. किनाऱ्यावरची वाळू यात वापरू नका, फुकट मिळाली तरी. तिच्यातलं मीठ सळी खातं आणि पट्टा आतून फुटतो.

वाऱ्याचा हिशेब इथेच करावा लागतो, कारण पुढे दुरुस्त करता येत नाही. छप्पर दाबाखाली मोडेल अशी भीती सगळ्यांना असते, प्रत्यक्षात ते उडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. दोन्ही वेळा पत्र्यांचे ताव वाड्यांमधून गोळा करावे लागले. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १०० किलोच्या घरात जातो. तुमच्या छपराचं क्षेत्र वळचणीसकट १५ चौरस मीटर, म्हणजे वर उचलणारा जोर दीड टनापर्यंत. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला ३५-४० किलो, पत्र्याचं जेमतेम ५. उरलेला जोर वाशाकडून तुळईकडे, तुळईकडून खांबाकडे आणि खांबाकडून जोत्याकडे गेला पाहिजे. १४० चिऱ्यांच्या जोत्याचं वजन तीन टनांच्या पुढे भरतं, पण ते कामाला येतं ते खांब त्याला बांधलेला असेल तरच.

म्हणून सहा खांबांच्या जागी (चार कोपरे आणि १० फुटांच्या बाजूंचे दोन मध्य) वरच्या थरांत ९ इंच चौरस कप्पा मोकळा सोडा. त्यात १६ मिमीची सळी, खालचं टोक वाकवून तळाच्या थरापर्यंत, आणि वरच्या टोकाला ६ मिमी पट्टीचा इंग्रजी ‘यू’ आकाराचा चिमटा वेल्ड केलेला. कप्पा आणि पट्टा एकाच वेळी ओता. वेल्डिंग झाल्यावर संपूर्ण तुकडा हॉट डिप गॅल्व्हनाइज (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा) करून घ्या. बाजारात मिळणारा चकचकीत पांढऱ्या झिंकचा मुलामा खाऱ्या हवेत दोन पावसाळेही धरत नाही. चिमट्याचा तळ काँक्रीटपासून एक इंच वर हवा. खांब त्यात बसतो, १२ मिमीचे दोन बोल्ट आरपार जातात, आणि खांबाच्या बुडाखाली बोट जाईल एवढी फट राहते. ही फट म्हणजे या बांधकामाचा जीव. तिच्यामुळे बूड वाळतं, आणि वाळवीला वर चढायचं तर उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते, जी तुम्हाला दिसते. काही गवंडी ती फट ‘मोकळी दिसते’ म्हणून शेवटी सिमेंटने भरून टाकतात. त्या दिवशी जागेवर हजर राहा.

खांबाच्या टोकातून लाकूड बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी पितं. त्यामुळे बुडाचा सहा इंच भाग बसवण्याआधी रात्रभर काजूच्या टरफलाच्या तेलात उभा ठेवा. काजूच्या कारखान्यांतून ते मिळतं. हातमोजे मात्र घाला, कातडीला लागलं तर फोड येतात. बुडाला डांबर फासून प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत आहे, ती टाळा. आत आलेली ओल बाहेर जात नाही.

जोत्याचं माप एका कारणासाठी काटेकोर हवं. खांबाची बाहेरची बाजू जोत्याच्या कडेशी अगदी सलग असली पाहिजे. फळ्या खांबाच्या बाहेरून ठोकल्या की त्या जोत्याच्या कडेबाहेर उतरतात, काँक्रीटच्या वरच्या कडेपेक्षा दीड इंच खाली येतात आणि पाणी थेट जमिनीवर ठिबकतं. जोतं तीन इंच पुढे राहिलं, दिसायलाही ते बरं दिसतं, तर त्या तीन इंचांवर पाऊस साचतो आणि फळीचं टोक त्यात उभं राहतं. लाकडी भिंती कुजतात त्या बहुतेक इथूनच. म्हणून पाया आखताना दोन्ही कर्ण मोजा. १० बाय ८ ला कर्ण १२ फूट ९ इंच ५ सूत येतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन कर्णांत दोन सुतापेक्षा जास्त फरक असेल तर दोरी पुन्हा लावा.

सांगाड्याचं लाकूड असं. खांब ४ बाय ४ इंच, ७ फुटी, सहा. त्यांच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या दोन तुळया ४ बाय ३, १२ फुटी, म्हणजे दोन्हीकडे फूटभर बाहेर. खांबांच्या तीन जोड्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया ४ बाय ३, ९ फुटी, तीन. प्रत्येक आडव्या तुळईच्या मध्यावर आढ्याला धरणारा उभा खुंट ४ बाय ३. आढं ५ बाय २, १२ फुटी. वासे ३ बाय २, साडेसात फुटी, १४, दोन-दोन फुटांवर. आडव्या पट्ट्या आणि कोपऱ्यांतले तिरपे टेकू ३ बाय २. घट धरून सगळं मिळून २१ घनफूट. रिपा २ बाय १ इंचाच्या, २१० रनिंग फूट, वेगळ्या. फळ्या पाऊण इंची, २५५ चौरस फूट.

खांबाच्या माथ्यावर सव्वा इंच जाडीचं कुसू (खाचेत जाणारी जीभ) काढून ते तुळईच्या खाचेत बसवा, वरून कठीण लाकडाची खुंटी मारा. कुसू खाचेत हाताने अर्धं जावं आणि उरलेलं मोगरीने, एवढं घट्ट. सैल झालं तर पाचर मारून भागवता येतं, पण तो सांधा पावसाळा-उन्हाळ्याच्या फुगण्या-आकसण्यात पुन्हा सैल होतो. तिरपे टेकू सुतार हमखास टाळतात, कारण आत वावरताना डोक्याला लागतात म्हणे. प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना एकेक, खांबाच्या माथ्यापासून दोन फूट खाली सुरू होणारा, ४५ अंशात, असे आठ हवेतच. खांब बुडाशी फक्त दोन बोल्टांवर आहेत. टेकू नसतील तर सगळा सांगाडा पत्त्याच्या घरासारखा एका बाजूला कलतो.

उतार फुटाला सात इंच, म्हणजे ३० अंश. यापेक्षा चपटं केलं तर वाऱ्यासोबतचा पाऊस कौलांच्या सांध्यातून उलटा चढतो. चार फुटांच्या अर्ध्या रुंदीला आढं २८ इंच वर येतं. वाशाला तुळईवर बसताना त्रिकोणी खाच घ्या, पण वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. वळचणीचा सगळा भार तिथूनच बाहेर लटकतो. आणि वासा नुसता खिळ्यावर सोडू नका. खिळा उभा उपटला जातो. प्रत्येक वाशावरून गॅल्व्हनाइज पट्टी घेऊन तुळईच्या दोन्ही अंगांना अडीच इंची चार-चार खिळे. असे १४ सांधे, अर्ध्या दिवसाचं काम.

कौल की पत्रा? आवारात माकडं किंवा वानर येत असतील तर उत्तर सरळ आहे : पत्रा. कौलं दर वर्षी चाळण्याचा आणि फुटकी बदलण्याचा खर्च कोणी धरत नाही. माकडं नसतील तर कौलं कधीही चांगली. आतला उन्हाळा कमी, गळती एकाच कौलापुरती, आणि वाऱ्याचा दाब कौलांच्या फटींतून थोडा सुटतो. मंगलोरी कौलं २६० मागवा, आढ्याचे कोने १२. रिपांमधलं अंतर कौल हातात घेऊन मोजा, साधारण साडेबारा इंच येतं, पण भट्टीप्रमाणे बदलतं. पहिल्या दोन ओळींची कौलं आणि दोन्ही कडांची कौलं खालच्या भोकातून तारेने रिपेला बांधा. पत्रा घेतलात तर ०.५ मिमीचा, रंगीत मुलाम्याचा. रबरी वॉशरचे स्क्रू, नळीच्या उंचवट्यावर, खोलगटीत नाही. वळचणीच्या कडेला प्रत्येक उंचवट्यावर एक, मध्ये एक सोडून एक. स्क्रू इतका आवळू नका की वॉशर बाजूंनी बाहेर फुगेल. तो उन्हाने वर्षा-दोन वर्षांत तडकतो.

पन्हळ लावण्याची हौस नको. माडाची फुलं आणि पोफळीची पानं तिला आठवड्यात बुजवतात. त्याऐवजी पागोळ्या पडतात त्या रेषेवर दीड फूट रुंद आणि ४ इंच जाड खडीचा पट्टा घाला. पाणी खडीत शिरतं, उडत नाही.

भिंतीच्या फळ्या उभ्या लावा. आडव्या फळीच्या प्रत्येक सांध्यावर पाणी अडतं, उभीवरून खाली जातं. एप्रिल-मेमध्ये ठोकत असाल तर दोन फळ्यांत एक सूत फट ठेवा, कारण आषाढात सहा इंची फळी तेवढी फुगते. फट झाकणारी पट्टी एकाच फळीला ठोका. दोन्हींना ठोकली तर फळी तरी चिरते, नाहीतर पट्टी. दारालाही हाच नियम : तिन्ही बाजूंना दीड सूत मोकळं. मे महिन्यात नेमकं बसवलेलं दार जुलैत उघडत नाही आणि मग कोणीतरी रंधा मारून ते हलकं करतं. दिवाळीनंतर त्याच दाराला बोट जाईल एवढी फट असते. वरच्या दोन्ही त्रिकोणांना फळ्या नकोत, लाकडी पट्ट्या आणि आतून अर्धा इंची जाळी लावा. हवा खेळते, उंदीर अडतो. पश्चिमेची भिंत पहिल्या दोन पावसाळ्यांत माडाच्या झापांनी झाकली तर फळ्यांचं आयुष्य निश्चित वाढतं.

वाळवीसाठी जोत्यात मुरूम भरल्यावर, जमीन करण्याआधी, क्लोरपायरिफॉस २० ईसी एक लिटर आणि पाणी १९ लिटर हे मिश्रण चौरस मीटरला ५ लिटर या प्रमाणात झिरपवतात. विहीर जवळ असेल तर ते करू नका. खांबाखालची फट आणि तुमचे डोळे एवढ्यावर निभावतं. वासे-रिपांच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागून पीठ पडू नये म्हणून १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ४५० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून त्यात दोन दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे बाहेरच्या फळ्यांवर वाया घालवू नका. त्यांना वर्षाआड काजूचं तेल.

खताच्या गोण्या भिंतीपासून चार इंच लांब, फळकुटांच्या पाटावर. युरिया हवेतली ओल ओढतो आणि शेजारच्या लोखंडाला गंज आणतो, म्हणून ग्रासकटर आणि पंप विरुद्ध कोपऱ्यात. जमिनीला दाराकडे इंचभर उतार ठेवा.

वेळापत्रक उलटं मोजा. मृग ७-८ जूनला लागतं, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात छप्पर पूर्ण हवं. लाकूड दिवाळीनंतर कापून आणून रचा, जोतं जानेवारी-फेब्रुवारीत, सांगाडा मार्चमध्ये. पहिल्या मोठ्या सरीत आत जाऊन उभे राहा, बॅटरी घेऊन. आढ्याखाली, कडेच्या कौलांखाली आणि पश्चिमेच्या फळ्यांच्या बुडाशी ओलं दिसतंय का ते खडूने खूण करून ठेवा. बोल्टांचे नट पहिल्या ऑक्टोबरमध्ये एकदा आवळावे लागतात, लाकूड तोवर आकसलेलं असतं.